खुकुरीची खाच आणि माझी चुकलेली स्लाइड

कोर्सवर्कच्या पहिल्या सेमिनारला मी खुकुरीवर बोललो होतो. पंधरा मिनिटं, बावीस स्लाइड. (पंधरा मिनिटांत बावीस स्लाइड कुणी दाखवू नयेत, पण तो वेगळा विषय.) चौथ्या स्लाइडवर तीन चित्रं शेजारी शेजारी लावली होती: ग्रीकांचं कोपिस, प्राचीन स्पेनमधली फाल्काटा आणि नेपाळची खुकुरी. तिन्हींचं पातं पुढे झुकलेलं, तिन्हींचं वजन टोकाकडे. खाली एक ओळ होती: इ.स.पू. ३२६ मध्ये सिकंदराच्या सैन्याबरोबर हे शस्त्र भारतात आलं आणि इथून नेपाळात गेलं.

प्रश्नोत्तरांत मागच्या बाकावरून एकच प्रश्न आला. "मधली अठराशे वर्षं ते कुठं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती ओळ मी तीन-चार ठिकाणी वाचली होती आणि सगळीकडे सारखीच होती, म्हणून खरी धरली होती. एम.एस्सी.ला आपण एखादं रीडिंग तीनदा घेतो आणि तिन्ही सारखी आली की निश्चिंत होतो. इतिहासात तीन पुस्तकांत एकच वाक्य सापडलं, तर आधी बघायचं की दोघांनी तिसऱ्याचं उतरवून तर घेतलेलं नाही ना. हे मला त्या दिवशी कळलं. तुमच्यापैकी जे विज्ञानाकडून इतिहासाकडे, विशेषतः वस्तूंच्या इतिहासाकडे वळायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी ही चूक नीट उलगडून ठेवतो.

आधी वस्तू बघू. नेहमीच्या वापरातली खुकुरी मुठीसकट साधारण १६ ते १८ इंच लांब असते, वजन अर्धा-पाऊण किलो. पाठ जाड, धार आतल्या बाजूला. पातं मुठीपासून काही अंतर सरळ जातं, मग खाली वाकतं आणि तिथेच रुंदही होतं. मुठीजवळ धारेच्या बाजूला एक छोटी खाच असते आणि खाचेत बहुतेक वेळा मधोमध एक दात. म्यानाला नेपाळीत 'दाप' म्हणतात. दापाच्या मागच्या कप्प्यात दोन पिल्लं बसवलेली असतात: 'कर्द' नावाची लहान सुरी आणि 'चकमक' नावाचा बोथट पोलादी तुकडा. चकमकीने धार लावायची आणि गारेवर घासून ठिणगीही पाडायची. आपल्याकडे चकमक म्हणजे गार, तिकडे गारेवर मारायचं पोलाद. भाषा शेजारची असली की अशा शब्दांशी जपून राहावं लागतं.

आता वाक कशासाठी? लांब दांड्याच्या टोकाजवळ वस्तुमान ठेवलं की त्याच हातवाऱ्यात आघाताची ऊर्जा वाढते. पातं पुढे झुकलेलं असलं की मनगट न मुरडता धार लाकडाला भिडते, आणि ती काटकोनात न पडता किंचित तिरकी सरकत जाते, म्हणजे तोडण्याबरोबर चिरतेही. ज्याला हातात मावणाऱ्या, एकाच हत्याराने झाडाची फांदी तोडायची आहे तो पिढ्यान्‌पिढ्या सुधारणा करत कुठेतरी याच आकाराजवळ पोचणार. कूर्गमध्ये कोडवांची कत्ती बघा, तीही पुढे रुंद आणि वाकलेली. आपल्या ऊसतोडीचा कोयता बघा. कूर्गची कत्ती काठमांडूहून आली असं कुणी म्हणत नाही. शार्क आणि डॉल्फिन सारखे दिसतात म्हणून ते भावंडं होत नाहीत, हे बारावीच्या जीवशास्त्रात शिकलेलं असतं. पण विषय बदलला की आपण ते दप्तरात ठेवून येतो.

म्हणजे ग्रीक मुळाची गोष्ट खोटीच ठरली का? तसंही नाही. ती सिद्ध करायला मधले दुवे लागतील: वायव्येकडून पूर्व हिमालयापर्यंत, वेगवेगळ्या शतकांतली, थर माहीत असलेली पाती किंवा निदान शिल्पं आणि चित्रं, एका सलग ओळीत मांडता येतील अशी. माझ्या स्लाइडवर त्यातलं एकही नव्हतं. सुरुवातीचं टोक होतं, शेवटचं टोक होतं आणि मध्ये मी एक बाण काढला होता. शेवटच्या टोकाचंही बघा. काठमांडूच्या छाउनी भागातल्या राष्ट्रीय संग्रहालयात द्रव्य शाह यांची म्हणून एक खुकुरी दाखवली जाते, आणि ती सगळ्यात जुन्यांपैकी एक म्हणून जिथे तिथे उल्लेखली जाते. द्रव्य शाह यांनी १५५९ मध्ये गोरखा घेतलं. पण एखादी वस्तू एका राजाची मानली जाणं आणि त्या धातूचं वय ठरवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. माझ्या स्लाइडवर पहिल्या क्रियेचं उत्तर दुसऱ्या क्रियेच्या रकान्यात भरलेलं होतं.

तो बाण पुसून टाकल्यावर मी लिखित साधनांकडे वळलो, आणि खरी गंमत तिथे निघाली.

इंग्रजीत खुकुरीचं सविस्तर वर्णन करणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक म्हणजे विल्यम कर्कपॅट्रिक. तो १७९३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने नेपाळात गेला, पुस्तक छापून आलं १८११ मध्ये. त्याने लिहिलंय की हा सुरा नेपाळी माणूस कमरेला बाळगतो, आणि त्याचा मुख्य उपयोग झुडपं आणि लहान झाडं तोडायला, फांद्या छाटायला होतो. हे मी दोनदा वाचलं. रक्त, शौर्य, मुंडकी यांचा त्यात पत्ता नाही. जंगल साफ करायचं घरगुती अवजार, बस.

पुस्तक छापून तीन वर्षं होतात तोच कंपनी आणि नेपाळ यांचं युद्ध सुरू झालं. १८१४ च्या ऑक्टोबरात डेहराडूनजवळच्या नालापाणीच्या टेकडीवर, खलंगा किल्ल्यात, बलभद्र कुंवर यांच्या नेतृत्वाखाली सुमारे सहाशे माणसं होती, त्यांत बायका-मुलंही. कंपनीचा सेनापती रोलो गिलेस्पी ३१ ऑक्टोबरला तिथेच मारला गेला. महिनाभराने किल्ला पडला तो मुख्यतः पाणी तोडल्यामुळे. कंपनीला या प्रतिकाराचा इतका धक्का बसला, आणि आदरही वाटला, की पुढे तिथे दोन स्मारकं शेजारी शेजारी उभी राहिली, एक स्वतःच्या मृतांचं आणि एक शत्रूचं. युद्ध संपायच्या आत, १८१५ मध्येच, कंपनीने गोरखा पलटणी उभ्या करायला घेतल्या होत्या. १८१६ मध्ये सुगौलीचा तह अमलात आला.

आता १८१६ नंतरचं इंग्रजी लेखन १७९३ शेजारी ठेवून वाचा. वस्तू तीच, पण झुडपं गायब. खुकुरी आता अंधारात शत्रूच्या छावणीत शिरणारं हत्यार होते. १८५७ मध्ये दिल्लीच्या वेढ्यात सिरमूर बटालियन इंग्रजांच्या बाजूने लढली आणि ही प्रतिमा पक्की झाली. त्यानंतर 'लढवय्या जमाती'चा सिद्धांत आला. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सने तो हिरिरीने पुढे रेटला. काही जाती जन्मतःच शूर, बाकीच्या नाहीत, आणि भरती त्यानुसार. नेपाळातून मगर, गुरुंग, राई, लिंबू यांना पसंती. १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' आली. तीत शेवटी काउंटच्या गळ्यावरून जी धार फिरते ती खुकुरीची आहे, जोनाथन हार्करच्या हातातली. लंडनच्या वाचकाला तोपर्यंत ही वस्तू समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

'खुकुरी एकदा म्यानातून काढली की रक्त चाखल्याशिवाय परत जात नाही' ही दंतकथा तुम्हीही ऐकली असेल. तिचा खोटेपणा ओळखायला अर्काइव्हमध्ये जायची गरज नाही. जी वस्तू सकाळी सरपण फोडते, दुपारी बांबू तासते आणि संध्याकाळी भाजी चिरते, तिचा मालक आठवड्याभरात रक्तक्षयाने मेला असता. पण संशोधक म्हणून 'खोटं आहे' इथे थांबून चालत नाही. ही कथा कुणाला हवी होती, हा पुढचा प्रश्न. पलटणीतल्या साहेबाला हवी होती. कदाचित पाहुण्याला घाबरवणाऱ्या जवानालाही हवी असेल. आपणही यातून सुटलेलो नाही. मराठीत 'गुरखा' शब्दाचा अर्थ काय? रात्री शिट्टी वाजवत फिरणारा पहारेकरी. एका प्रदेशाच्या नावाची एक नोकरी झाली, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपण सहज म्हणून जातो, 'एक गुरखा ठेवू या.' रॉबर्ट्सच्या सिद्धांताचं हे घरगुती टोक आहे.

सेमिनारमध्ये दुसरा गोंधळ झाला तो खाचेवरून. मी एका स्लाइडवर तिचे सात अर्थ दिले होते: रक्त मुठीपर्यंत ओघळू नये म्हणून, शत्रूचं पातं अडकवायला, गाईचं खूर, शिवाचा त्रिशूल, शक्तीचं चिन्ह, नेपाळच्या झेंड्यावरचे सूर्य-चंद्र, आणि धार लावताना दगड कुठे थांबवायचा याची खूण. सात अर्थ एका ओळीत लिहिले की अभ्यास केल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात मी एकही तपासला नव्हता.

तपासू या. रक्ताचा मुद्दा: इतक्या लहान खाचेने हाताच्या हालचालीत उडणारा द्रव अडत नाही. पातं अडकवायचा मुद्दा: खाच बोटांपासून अगदी जवळ आहे, तिथे समोरच्याची तलवार अडवू पाहणाऱ्याची बोटं जातील. धार लावायचा मुद्दा पटण्यासारखा आहे, कारण आजच्या कितीतरी चाकूंना धारेच्या मुळाशी अशी खाच असते, दगड शेवटपर्यंत पोचावा म्हणून. पण त्यासाठी एक अर्धगोल पुरतो, मधला दात कशाला? तेव्हा आजचं माझं मत असं: खाच असण्यामागे कामाचं कारण असावं आणि खाचेच्या आकारामागे श्रद्धेचं. हे मत आहे, निष्कर्ष नाही. प्रबंधात मी ते याच शब्दांत लिहिणार आहे.

इथे माझं मटेरियल सायन्स थोडं कामी आलं. पोलादात कोपरा असलेली खाच पाडली की ताण तिथे एकवटतो आणि भेग तिथून सुरू होते, हे आपण पहिल्याच सेमिस्टरला शिकतो. खुकुरीची खाच मुठीजवळ आहे, म्हणजे घाव घालताना जिथे वाकवणारा जोर मोठा असतो तिथे. हिशेबाने खुकुरी तिथेच तुटायला हवी. मग ती सहसा तिथे तुटत का नाही? उत्तर पाहायला लोहाराच्या भट्टीजवळ जावं लागतं.

नेपाळीत लोहाराच्या शाळेला 'आरन' म्हणतात. पूर्व नेपाळात भोजपूर आणि धरान खुकुरीसाठी प्रसिद्ध आहेत. आज तिथे कच्चा माल म्हणजे बहुतेक वेळा ट्रकच्या स्प्रिंगची पट्टी. भंगारातली असली तरी पोलाद उत्तम, कार्बन सुमारे अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान. पातं घडवून, तासून झालं की ते पुन्हा लाल तापवतात. तापमापक नसतो, रंग बघतात. आणि मग पूर्ण पातं पाण्यात न बुडवता चहाच्या किटलीने धारेवर, फक्त धारेवर, पाण्याची बारीक धार सोडतात. तापलेलं पोलाद झपकन थंड झालं की त्यात मार्टेन्साइट नावाची कठीण रचना तयार होते. धारेला ती मिळते. पाठ सावकाश थंड होते, म्हणून मऊ आणि चिवट राहते. सगळ्यात जास्त पाणी पोटाजवळ, जिथे घाव बसतो. मुठीकडच्या भागाला, खाचेला, कमी किंवा अजिबात नाही. म्हणून ताण एकवटणारी ती जागा चिवट पोलादात राहते, आणि टिकते. जपानी तलवार घडवणारे हाच परिणाम पाठीवर मातीचा लेप देऊन साधतात. त्या लेपावर ग्रंथ लिहिले गेलेत. किटलीवर फार कुणी लिहिलेलं नाही.

ही किटली ज्याच्या हातात असते तो परंपरेने कामी. आज बरेच जण विश्वकर्मा आडनाव लावतात. दापाचं चामडं सार्की समाजाचं काम. १८५४ मध्ये जंगबहादूर राणा यांनी 'मुलुकी ऐन' हा कायदा लागू केला आणि त्यात जातींची उतरंड लिहूनच ठेवली. आंद्रास ह्योफर यांचा १९७९ चा अभ्यास या कायद्यावरचा पायाभूत ग्रंथ आहे, जमलं तर जरूर वाचा. त्या उतरंडीत कामी आणि सार्की सगळ्यात खालच्या गटात होते: ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही आणि ज्यांचा स्पर्श झाला तर अंगावर पाणी शिंपडून शुद्ध व्हावं लागतं. सोनं बुडवलेलं 'सुनपानी' शिंपडायची रीत तीच. मोबदला रोख नाही, तर 'बालीघरे' पद्धतीने, म्हणजे सुगीला ठरलेलं धान्य. आपल्या बलुत्याशी हे इतकं जुळतं की वेगळं समजावून सांगायला नको. कायद्यातून अस्पृश्यता काढून टाकणारा नवा मुलुकी ऐन १९६३ मध्ये आला, आणि जातीय भेदभाव हा गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा व्हायला २०११ उजाडलं.

आता पुन्हा भरतीची यादी आठवा. ज्या हत्याराच्या नावाने एक अख्खी 'लढवय्या जात' घडवली गेली, ते हत्यार घडवणाऱ्यांना त्या यादीत जागा नव्हती. नेपाळच्या जुन्या राजचिन्हावर, २००६ पर्यंत, दोन खुकुऱ्या एकमेकींना छेद देऊन होत्या. गोरखा पलटणींच्या बिल्ल्यांवर आजही आहेत. अश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे आपल्या खंडेनवमीलाच, नेपाळात दशैंमध्ये तिची पूजा होते. वस्तूला टिळा लागतो. माझ्या बावीस स्लाइडमध्ये 'कामी' हा शब्द एकदाही आला नव्हता. सिकंदर चार वेळा होता, मी नंतर मोजलं.

मग साधनं कुठं शोधायची? एक उत्तर पात्याच्या पाठीवर आहे. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलखाना या जुन्या वाड्यात साठवलेली नेपाळी सैन्याची जुनी शस्त्रं अमेरिकेतल्या विक्रेत्यांनी घाऊक विकत घेतली: हजारो बंदुका आणि हजारो खुकुऱ्या. (सिलखाना म्हणजे आपला शिलेखाना. मराठी दप्तरं वाचलेल्यांना हा शब्द लगेच भेटतो.) संशोधनाच्या दृष्टीने हे एक संकटच, कारण कोणती रास कुठल्या खोलीत होती, कशाशेजारी होती, ही माहिती गठ्ठे सुटताना गेली. संग्राहकांच्या बाजारात मग लांब पात्यांना 'लाँगलीफ' असं इंग्रजी नाव पडलं. नेपाळी कागदांतलं नाव समजून ते उद्धृत करू नका.

पण यातल्या कितीतरी पात्यांच्या पाठीवर देवनागरीत पलटणीचं नाव आणि क्रमांक कोरलेला आहे. देवनागरी आहे म्हटल्यावर मराठी वाचकाला वाटतं, हे तर आपल्याला येतं. थांबा. तिथल्या जुन्या वळणाचे ५, ८ आणि ९ आपल्या छपाईतल्या आकड्यांसारखे नसतात. आणि साल असलं तर ते विक्रम संवताचं. समजा १९६४ कोरलंय. ते इसवी सन धरलं तर तुम्ही राणा राजवट संपल्यानंतरच्या काळात पोचता. ५७ वजा करा, १९०७ येतं, म्हणजे चंद्र शमशेर यांचा काळ. संवत एप्रिलच्या मध्यावर बदलतं, म्हणून जानेवारी ते एप्रिलमधल्या तारखेला ५६ वजा. शकाला ७८ मिळवायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. आणखी एक खूण: राजाला 'श्री ५' आणि राणा पंतप्रधानांना 'श्री ३' म्हणत. हा 'श्री ३ महाराज' किताब १८५६ मध्ये जंगबहादूरांपासून सुरू झाला. तेव्हा ज्या पात्यावर 'श्री ३' आहे, ते कोरीव काम त्याआधीचं असू शकत नाही. काम किती जुनं असू 'शकत नाही', हे ठामपणे सांगता येणं ही छोटी गोष्ट नाही. ग्रीसच्या बाणापेक्षा मला ती जास्त आवडते. अर्थात हे कोरीव कामाचं वय झालं. पातं त्याआधीचं असून नंतर त्यावर कोरलेलं असू शकतं.

मी आतापर्यंत अशा पाठींचे जे फोटो वाचले, त्यांत पलटण आहे, क्रमांक आहे. घडवणाऱ्याचं नाव मला मिळालेलं नाही. सध्या मी घणाचे ठसे, कडक झालेल्या भागाची सीमारेषा आणि खाचेचा आकार यांवरून एका हातची पाती वेगळी काढता येतात का ते बघतोय. जमेलच असं नाही.

तुमच्या घरी किंवा ओळखीत फौजेतून निवृत्त झालेल्या कुणाकडे भेट मिळालेली जुनी खुकुरी शोकेसमध्ये असेल, तर सरावासाठी ती पुरेशी आहे. परवानगी घ्या. आधी पाठीचा फोटो काढा, धारेचा नंतर. उजेड बाजूने, अगदी तिरका येऊ द्या, म्हणजे उथळ अक्षरं उठून दिसतात. शेजारी मोजपट्टी ठेवा. कर्द आणि चकमक आहेत का पाहा, नसतील तर दापातले रिकामे कप्पे तरी टिपा. पाणी सोडलेली बाजू ओळखायची असेल तर धारेलगत फिकट-गडद रंगाचा पट्टा दिसतो का ते बघा. आणि फोटो छान यावा म्हणून ती चिंचेने किंवा पॉलिशने घासू नका. अक्षरांच्या खोबणीत साठलेला काळा थर जुना आहे की काल-परवाचा, यावरून ते कोरीव काम कधीचं याचा थोडाफार अंदाज येतो, आणि एकदा घासला की तो थर परत मिळत नाही.